हणमंत मुळीक प्यायलेला नव्हता

भाषण करणाऱ्या माणसाचा तुम्हाला चेहरा दिसतो, मला त्याचे पाय दिसतात. तीस वर्षं स्टेजच्या उजव्या अंगाला, आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरपाशी खुर्ची टाकून मी हेच बघत आले. वरून तोंड "सन्माननीय व्यासपीठ" म्हणत असतं आणि खाली गुडघे लटलटत असतात. निवडणुकीला उभे राहिलेले दांडगे पुढारीसुद्धा पायाच्या अंगठ्यानं सतरंजी उकरताना मी बघितलेत. आम्ही हे कधी कुणाला सांगितलं नाही. साउंडवाल्यानं लोकांची लाज झाकायची असते. एखाद्याचा आवाज कापायला लागला की मी आपली जरा एको वाढवायची, जरा खालचा सूर भरायची, आणि लोकांना वाटायचं, काय खणखणीत माणूस आहे!

मग धीर पट्टी आली आणि सगळ्यांचे पाय हलायचे थांबले.

मी शैला मुळीक. मुळीक साउंड, सोनखेर. माझा नवरा हणमंत, त्याचा धाकटा भाऊ रणजित आणि मी, असा आमचा तिघांचा धंदा. मी लग्न होऊन आले तेव्हा रणजित दहा वर्षांचा होता. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून त्याच्या डोक्याला तेलही मीच लावलं आणि त्याच्या पाठीत धपाटेही मीच घातले. आता चाळिशीचा घोडा झालाय. हणमंत काही महिन्यांपूर्वी गेला. आमच्याच माइकाचा शॉक बसून, माझ्या डोळ्यांदेखत. आणि या रणजितनं भरल्या सभेत, छाती पुढे काढून सांगितलं की दादा प्यायला होता, चूक त्याचीच होती. गावानं ते खरं मानलं. ही गोष्ट सांगताना मला राग येणार आहे. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणू नका बाई फार तोंडाळ आहे म्हणून.

पट्टी म्हणजे काय ते पहिलं सांगते, कारण कंपनीची माणसं फार गुळगुळीत सांगतात. आपल्या कानापाशी एका मोठ्या नसेची बारकी फांदी येते. ती मूळ नस मेंदूतून निघून गळा, काळीज, पोट असं करत खाली उतरते. चारशे माणसं एकदम आपल्याकडे बघायला लागली की मेंदूतला बदामाएवढा एक भाग बोंब मारतो. चारशे डोळे आणि चारशे लांडगे यातला फरक त्याला कळत नाही. काळीज धडधडतं, घसा सुकतो. बरं, एवढ्यावर थांबत नाही. काळीज धडधडतंय ही बातमी त्याच नसेतून उलटी मेंदूला जाते. मेंदू म्हणतो, बघा, म्हणजे धोका आहेच, आणि आणखी घाबरवतो. डॉक्टर याला काय म्हणायचं ते म्हणोत, आम्ही शिट्टी म्हणतो. माइक स्पीकरच्या तोंडासमोर गेला की स्पीकरचा आवाज माइकात, माइकाचा परत स्पीकरात, अशी फेरी लागून कुंईऽऽ असा कान फाडणारा आवाज येतो ना, तीच शिट्टी. ती माणसाच्या अंगात वाजते.

धीर पट्टी ही फेरी तोडते. कानामागे चिकटवायची, नखाएवढी. ती काळजाचे ठोके मोजते आणि वाढले की नसेला बारीक विजेचे टोले देत मेंदूला कळवते, निवांत राहा, काही झालेलं नाही. एक ते नऊ नंबर असतात, जेवढा मोठा नंबर तेवढा जोर. शिट्टी तोडणारं यंत्र आमच्या मिक्सरमध्येही असतं. जो सूर शिट्टी मारतो तेवढाच ते कापतं. पण कापताना शेजारचे दोनचार सूर हमखास जातात, आणि बटण जास्त पिळलं तर माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. मी पहिल्याच आठवड्यात ह्यांना म्हटलं होतं, "भीती एकटीच थोडी कापली जाणार आहे? तिच्या शेजारी काय काय असेल."

"तू मिक्सर सांभाळ," हे म्हणाले. "डॉक्टर होऊ नको."

दोन वर्षांत सोनखेरची पार भीड चेपली. लग्नात आमच्याकडून माइक मागून घेऊन नवरीचा मामा अर्धा तास व्याह्यांची उणीदुणी काढायला लागला. शोकसभेत एकानं मयताची लफडी सांगितली, तीही तारीखवार. भाषणं संपेनात. समोरचे जांभया देतायत, उठून चाललेत, हे बोलणाऱ्याला दिसायचं पण लागायचं नाही. आणि जो बिनपट्टीचा उभा राहून अडखळायचा, त्याच्याकडे लोक वाकड्या नजरेनं बघायला लागले. "पट्टी का नाही लावली? काय लपवायचंय?" सरळ तोंडावर विचारायचे, मेले. घाबरणारा तो खोटा आणि ठणकावणारा तो खरा, असा हिशेब गावानं ठरवून टाकला.

एकदाच गंमत झाली, पण ती गंमत नव्हती. मागच्या वर्षी दहावीच्या निरोप समारंभात हायस्कूलचे हेडमास्तर पाखरे सर भाषण करत होते. मार्चचं ऊन, पत्र्याचा मंडप, घामानं सरांची पट्टी सुटून खांद्यावर पडली. "विद्यार्थी मित्रहो, जीवनात" एवढं म्हणाले आणि समोर बघून थबकले, जशी काही ती पोरं त्यांना त्याच क्षणी दिसली. मग चक्क टेबलाखाली जाऊन बसले. रडत होते. मी माइक बंद केला. वर्षभर दाबून ठेवलेली शिट्टी एका दमात सुटली होती. पट्टीच्या पाकिटावर लिहिलेलंच असतं, नंबर हळूहळू खाली आणावा, पट्टी एकदम ओढून काढू नये. वाचतो कोण?

आमच्या रणजितनं तर ती काढणंच सोडून दिलं. हा मूळचा इतका भिडस्त, की स्वतःच्या लग्नात उखाणा घेताना बायकोचं नाव विसरला. लहानपणी गूळ चोरून खाल्ला तरी मी नुसतं "रणजित" म्हटलं की कान लालबुंद व्हायचे. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. पट्टी लावल्यावर तोच गडी कार्यक्रमांचं निवेदन करायला लागला, सरपंचांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलायला लागला. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मग तो नऊ नंबरवर गेला आणि झोपतानाही पट्टी ठेवायला लागला. एक दिवस दिवे टांगायच्या चाळीस फुटी लोखंडी सांगाड्यावर, ट्रसवर, कमरेला पट्टा न बांधता चढला आणि वरून हसत म्हणाला, "वहिनी, काय होतंय?" माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या आला नव्हता.

आणखी एक झालं. सभेत पाचशे माणसांच्या कानामागे पाचशे पट्ट्या, प्रत्येक पट्टी मोबाइलशी बोलणार. त्या गर्दीत आमचे बिनवायरचे माइक खरखर करायला लागले. म्हणून सगळ्यांनी माळ्यावरचे जुने वायरवाले माइक खाली काढले. लोखंडी जाळीचे, जड. आम्हीही काढले.

त्या दिवशी हायस्कूलच्या पटांगणात तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती. धुरळा बसावा म्हणून सकाळीच पाणी मारलेलं, जमीन ओली. स्टेजमागं मोठी एलईडीची भिंत, ती शाळेच्या लायनीवर, आणि आमचा अॅम्प्लिफायर जनरेटरवर. अशा दोन लायनींचं अर्थिंग एकमेकांशी भांडलं की स्पीकरमधून सारखा गूंऽऽ असा आवाज येत राहतो. पाखरे सर दोनदा येऊन गेले. "बाई, हे काय चाललंय? पोरांची भाषणं आहेत, भुंग्यांची नाहीत."

आता नीट ऐका, कारण सगळं इथं आहे. गूं घालवायचा खरा इलाज म्हणजे दोन्ही यंत्रं एका लायनीवर घेणं. त्याला तासभर लागतो. आणि खोटा इलाज म्हणजे अॅम्प्लिफायरला वीज देणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डाच्या तीन पिनांच्या प्लगातली जाड पिन, अर्थिंगची, कापून टाकणं. गूं तत्काळ जातो. आमच्या धंद्यात सगळे हे करतात आणि सगळे नाही म्हणतात. अर्थिंग असलं तर यंत्रात बिघाड होऊन वीज पेटीच्या पत्र्यावर उतरली तरी ती जमिनीत जाते आणि स्विच पडतो. ते नसलं तर वीज पत्र्यावर आणि माइकाच्या जाळीवर येऊन बसते आणि कुणीतरी हात लावायची वाट बघते.

मी रणजितला म्हणाले, "तो गूं काढ आधी. कसंही कर."

कसंही म्हणजे काय, ते मला माहीत होतं. तो बोर्ड घेऊन स्टेजमागं गेला, गूं थांबला, मी काही विचारलं नाही.

माइक टेस्टिंग कायम हे करायचे. तीस वर्षांत मी माइकात एक शब्द बोललेली नाही. लोकांची भाषणं सावरते, पण स्वतः "हॅलो" म्हणायचं झालं तरी माझी जीभ टाळ्याला चिकटते. त्यामुळे हेच गेले. चप्पल स्टेजखाली काढली, माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो, चेक. वन, टू..." थ्री आलंच नाही. मी मेन स्विच ओढला तोवर हे खाली पडले होते, आणि पहिल्या रांगेत बसलेली पोरं अजून थ्रीची वाट बघत होती.

पोस्टमॉर्टेममध्ये विजेचा धक्का एवढंच लिहून आलं. दारू तपासायला कुणी सांगितलंच नव्हतं, सांगायचं कारणच नव्हतं. ह्यांनी पूर्वी प्यायली, बक्कळ प्यायली, आणि नऊ वर्षांपूर्वी सोडली. नऊ वर्षांत एक थेंब नाही. पण गावाला पहिलं तेवढं आठवतं.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतल्या पेटीत मला तो बोर्ड सापडला. जाड पिन करवतीनं कापलेली आणि ते दिसू नये म्हणून प्लगाला टेप गुंडाळलेली. लाल टेप. हे काळी वापरायचे, लाल फक्त रणजित वापरायचा. मी तो बोर्ड हातात घेऊन तिथंच बसले आणि कुणालाही काही बोलले नाही. बोलले असते तर कसंही कर कोण म्हणालं तेही बोलावं लागलं असतं.

दोन महिन्यांनी जिल्ह्याचे विद्युत निरीक्षक बारटक्के साहेब चौकशीला आले. नगरपरिषदेच्या सभागृहात उघडी चौकशी, गाव लोटलेलं. रणजित उभा राहिला आणि माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना.

"दादा सकाळपासून घेऊन होता," तो म्हणाला. आवाज कसा, घंटेसारखा. "बोर्डाचं अर्थिंग मी स्वतः तपासलं होतं, शंभर टक्के बरोबर होतं. दादानं नशेत अॅम्प्लिफायर उघडला आणि आत काहीतरी केलं. मला सांगताना वाईट वाटतं, पण सत्य ते सत्य."

मी त्याचे पाय बघितले. खांबासारखे. लोकांनी माना डोलावल्या. मागं कुणीतरी म्हणालं, "सख्ख्या भावाबद्दल एवढं स्पष्ट बोलतोय, म्हणजे खरंच असणार." मग साहेबांनी मला उभं केलं. मी "नाही... ते... हे तसं..." एवढंच म्हटलं आणि घसा आटला. सगळं सभागृह माझ्याकडे त्या वाकड्या नजरेनं बघत होतं. साहेब म्हणाले, "बाई, उद्या सावकाश सांगा. उद्या दुपारी मी अहवाल लिहिणार." हणमंत मुळीक, मद्यधुंद अवस्थेत, स्वतःच्या चुकीने. तो कागद कायमचा सरकारी फायलीत राहणार होता.

संध्याकाळी मी रणजितला गोडाऊनमध्ये गाठलं. तो केबल गुंडाळत होता, जसं काही झालंच नाही.

"लाज वाटली नाही तुला?"

"नाही वहिनी," तो म्हणाला. तो टोमणा नव्हता, माहिती देत होता. "दादा गेला. आता मी आत जाऊन बसलो तर तो परत येणार आहे का? माझी दोन पोरं आहेत."

"अरे, पण प्यायला म्हणून सांगितलंस! ज्यानं तुला बोटाला धरून शाळेत नेलं त्याला गावापुढे बेवडा ठरवलंस?"

"लोकांना पटलं असतं असं दुसरं काय होतं?"

"तू रडलासुद्धा नाहीस, रणजित. चितेपाशी उभा होतास, जसा काय बस येईल म्हणून उभा."

त्यानं केबल खाली ठेवली. "रडू येत नाही. यायला पाहिजे हे कळतं मला, पण येत नाही." मग जरा विचार करून म्हणाला, "तू बोल की उद्या. तुझी बाजू मांड. पट्टी देऊ? नवी आहे माझ्याकडे."

मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. फेकून देणार होते, पण फेकली नाही. घरी आरशासमोर कानामागे लावली आणि तीन नंबरवर केली. पाच मिनिटांत छातीवरचं ओझं उतरलं. मोठ्यांदा म्हणून बघितलं, "मी शैला मुळीक बोलतेय." काय आवाज आला हो! उद्या त्याचे कपडे फाडीन असं वाटलं. मग माझी नजर ह्यांच्या फोटोवर गेली, हार घातलेला, आणि मला काहीच झालं नाही. कुणी ओळखीचा गृहस्थ, एवढंच. राग शोधला, तोही नव्हता. भीतीच्या शेजारचे सूर गेले होते. मी घाबरून जायला हवं होतं, पण तेही होईना, म्हणून नुसत्या डोक्यानं ठरवून पट्टी ओढून काढली. आणि सगळं एकदम आलं. मी फरशीवर बसले आणि पदर तोंडात धरून ओरडले. तीन नंबर, पाच मिनिटं, तर माझी ही गत झाली.

दुसऱ्या दिवशी सभागृहातला माइक आमचाच होता. सोनखेरमध्ये दुसरा साउंडवाला आहे कुठं? मी मुद्दाम तोच लोखंडी जाळीचा माइक लावला आणि तोच बोर्ड साक्षीदारांच्या टेबलाशेजारी, डोळ्यात भरेल असा ठेवला. लाल टेप वर करून. बोर्डात वीज नव्हती. अॅम्प्लिफायर मी बॅटरीवर चालवत होते आणि त्याची वायर सतरंजीखालून नेली होती. मी काही खुनी नाही. पण हे मला एकटीला माहीत होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, सगळं त्या बोर्डावरच चाललंय. आणि त्या लाल टेपखाली काय आहे, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं.

माझा बेत साधा होता. रणजित माइक हातात धरणार नाही. का धरत नाही, हे साहेब विचारतील. बस्स.

मी उभी राहिले. "साहेब," मी कशीबशी म्हणाले, "रणजितनं कालचंच परत सांगावं. फक्त माइक हातात घेऊन. अर्थिंग बरोबर होतं म्हणतोय ना? तो माइक तोच आहे, बोर्डही तोच आहे."

सभागृहात कुजबुज झाली. चपला सगळ्यांच्या बाहेर होत्या, रणजित अनवाणी पुढे आला. त्यानं बोर्ड बघितला. लाल टेप बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्याला सगळं कळलंय हे मला कळलं. आता हा मागे सरणार, असं मी म्हणतेय तोवर त्यानं हात पुढे केला आणि माइक मुठीत घट्ट धरला.

"बोर्डाचं अर्थिंग बरोबर होतं," तो म्हणाला. स्पीकर दणाणले. "आजही बरोबर आहे. हे बघा, मी धरलाय. दादा प्यायला होता."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौकशीत टाळ्या! बारटक्के साहेबांनी पेन उघडलं.

त्याला वाटत होतं त्या जाळीत मरण आहे. त्यानं तसं समजून हात घातला होता. कळत होतं, पण लागत नव्हतं, ट्रसवर चढला तसाच. माझ्या पोराएवढा हा माणूस माझ्यासमोर मरायला तयार झाला होता आणि त्याच्या काळजाचा एक ठोका वाढला नव्हता. त्या क्षणी मला त्याचा इतका संताप आला आणि इतकी कीव आली, की दोन्हीतलं कुठलं जास्त हे मी आजही सांगू शकत नाही.

पाखरे सर दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांच्याकडे नजर गेली आणि मला टेबलाखालचे सर आठवले. मी चार ढांगा टाकल्या, रणजितचा कान धरला, लहानपणी धरायची तसा, आणि कानामागची पट्टी ओढून काढली.

तो आधी माझ्याकडे बघत राहिला. मग लोकांकडे. मग हळूच स्वतःच्या मुठीकडे. त्याचे कान लाल झाले. दोन वर्षांत बघितले नव्हते मी ते.

"मेन काढ!" तो किंचाळला आणि माइक सापासारखा झटकून टाकला. माइक जमिनीवर आपटला तरी चालूच होता, सगळं स्पीकरमधून गावाला ऐकू जात होतं. "वहिनी, मेन काढ! हात लावू नका कुणी! अर्थिंग नाही त्याला! पिन नाही त्यात!"

टाळ्या वाजवणारे हात तसेच राहिले. बारटक्के साहेब उठले, बोर्डापाशी आले. प्लग उचलून त्यांनी लाल टेप उलगडली आणि कापलेल्या पिनेवरून अंगठा फिरवला.

"हे टेपखाली होतं," ते म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

रणजित भिंतीला पाठ लावून खाली बसला होता, गुडघे छातीशी घेऊन. दात वाजत होते. दोन वर्षांची भीती आणि दोन महिन्यांचं रडू एकदम आलं होतं. "मी कापली," तो म्हणाला. "गूं येत होता... मी... दादा नव्हता प्यायला. दादा, अरे दादा..." पुढचं काही कळण्यासारखं नव्हतं. त्याची बायको धावत पुढे आली. ती माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघत होती, की ते घर मला कायमचं तुटलं.

मला वाटलं होतं, छाती थंड होईल. झाली नाही.

साहेबांनी पाखरे सरांना साक्षीला बोलावून रणजितचं म्हणणं लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुम्हाला आणखी काही सांगायचंय? नसेल तर मी इथं संपवतो."

संपवता आलं असतं. ह्यांचं नाव धुऊन निघालं होतं. मी मान हलवून खाली बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. रणजितकडे बघितलं, तर तो रडता रडता माझ्याकडेच बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ नंबरवर, लाज नाही, भीड नाही, भाऊ नाही, अशा वेळी हा इतकं सगळं खोटं बोलला, पण वहिनीनं सांगितलं म्हणून कापली, हे खरं मात्र एकदाही बोलला नाही. आत्तासुद्धा बोलत नव्हता. ते का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही, आणि त्याला माफही केलेलं नाही.

मी खाली वाकले आणि माइक उचलला. जाळी त्याच्या घामानं ओली होती.

"हॅलो," मी म्हणाले. आवाज फाटला. "हॅलो, हॅलो."

पहिल्या रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि थांबलं.

"मी शैला मुळीक. हणमंत मुळीक प्यायलेला नव्हता. त्यानं नऊ वर्षं दारूला हात लावला नव्हता. त्या दिवशी गूं येत होता. तो काढ, कसंही कर, असं रणजितला मी म्हणाले. कसंही म्हणजे पिन कापणं, हे मला माहीत होतं. लिहून घ्या साहेब, माझंही नाव लिहा."

साहेब लिहीत होते. माझे गुडघे सगळ्या गावाला दिसतील असे वाजत होते, आणि मिक्सरपाशी माझा आवाज सावरायला कुणी बसलेलं नव्हतं.